नकाशा पाहणाऱ्याचा की चालणाऱ्याचा?

(देगलूर येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून हा माणूस नकाशाचे पुराण कशाला लावतो, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. वाटणे बरोबर आहे. कापूस आणि ज्वारीवर ज्यांचे वर्ष उभे राहते किंवा आडवे होते, त्यांना भाव हाच पहिला प्रश्न. पण भाव मिळायचा तर माल बाजारात गेला पाहिजे. माल जायचा तर गाडी शेतातून सडकेला लागली पाहिजे. आणि शेतापासून सडकेपर्यंतची जी पांदण आहे, ती एका नकाशावर रस्ता म्हणून आहे, दुसऱ्यावर ओढा म्हणून आहे आणि तिसऱ्यावर मुळीच नाही. म्हणून आज नकाशा.

तीन नकाशे

आपल्या गावाचे आज तीन नकाशे आहेत.

पहिला भूमी अभिलेख खात्याचा. गट, शीव, गावठाण, गायरान दाखवणारा. मोजणी, वाटणी, धुऱ्याचा तंटा निघाला की तोच चालतो. तो निजामाच्या काळापासून चालत आला, पुढे त्यावर गटांचे एकत्रीकरण बसले, आणि ज्याच्या नशिबी मोजणी आली त्याला तो चांगला ठाऊक आहे.

दुसरा मोबाईलमधला, कंपनीचा. रस्ता विचारला की तोच बोलतो. त्यातली चूक तुम्ही कळवू शकता, पण घ्यायचे की टाकायचे ते कंपनी ठरवते. याच कंपनीने, म्हणजे गुगलने, २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाची सोय काढली होती. लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, देवळे, शाळा फुकट भरून दिल्या. आपल्या देशातही हजारोंनी भरल्या. २०१७ मध्ये कंपनीने ती सोय बंद केली. भरलेला माल कंपनीच्या गोदामात राहिला. घाम लोकांचा, गोदाम कंपनीचे. ही गोष्ट कापूस उत्पादकाला समजावून सांगायची गरज नाही.

तिसरा नकाशा स्वयंसेवकांचा. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. आपण त्याला खुला नकाशा म्हणू. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. कोणीही नाव नोंदवावे, उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढावी, रेघ कशाची आहे ते लिहावे आणि साठवावे. दुसरा कोणीही ती रेघ बदलू शकतो. मात्र कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेला, काय बदलले याची नोंद कायम राहते. जुनी रेघ पुन्हा आणता येते. हा नकाशा विकत घ्यावा लागत नाही. इंटरनेट नसतानाही मोबाईलवर चालतो. आणि मोठमोठ्या कंपन्याही त्यातून माल उचलतात, अमेझॉन आणि फेसबुक त्यात आले. म्हणजे तिथे एक रेघ चुकली तर ती चूक एका मोबाईलमध्ये राहत नाही, अनेक दारी जाते.

सरकारनेही आता वाट मोकळी केली आहे. पूर्वी नकाशा करायचा म्हटले की परवानग्यांचे जंगल होते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी काही संवेदनशील बाबी सोडल्या तर भारतीय माणसाला पूर्वपरवानगीशिवाय नकाशा करण्याची मुभा दिली. आता अडचण परवान्याची उरलेली नाही. आपण हात घालतो की नाही, एवढीच उरली आहे.

वरून काय दिसते आणि काय दिसत नाही

या खुल्या नकाशावर आपल्या भागातल्या रेघा कोणी ओढायच्या? गावातला माणूस ओढू शकतो. पुण्यात, बंगळुरात किंवा जर्मनीत बसलेला माणूसही ओढू शकतो. त्याने मुखेड, देगलूर, बिलोली कधी पाहिलेले नसेल. तो चित्र पाहतो आणि रेघ ओढतो. त्याची नियत वाईट आहे असे मी म्हणत नाही. फुकट काम करतो, रात्र जागून करतो. पण वरून काय दिसते याचा हिशोब आपण घेऊ.

आपली काळी माती घ्या. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जाऊन पांदण खोल होते. दोन्ही बाजूंचे धुरे वर, पांदण खाली. पाऊस पडला की शेतातले पाणी तिकडेच धावते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो ओढा. दिवाळीनंतर तीच कापसाच्या गाडीची वाट. आता उपग्रहाचे चित्र मार्च-एप्रिलचे असेल तर पांढरी पट्टी दिसते, पाहणारा म्हणतो रस्ता. चित्र ऑगस्टचे असेल तर पाहणारा म्हणतो नाला. दोघेही आपापल्या चित्राशी प्रामाणिक आहेत आणि दोघेही चूक आहेत. ती पांदण आहे. आठ महिने रस्ता, चार महिने पाणी. हे चित्रात दिसत नाही, चालणाऱ्याला कळते.

तसेच आखाड्याचे. चार पत्रे आणि एक झाड दिसले तर वस्ती की गोठा? तसेच तांड्याचे. आपल्याकडे मुखेड, कंधार, देगलुरात कितीतरी तांडे असे आहेत की ते महसुली गाव नाहीत, सरकारी यादीत स्वतंत्र नाव नाही. माणसे मात्र तिथेच राहतात आणि तिथूनच मतदानाला जातात. दूरचा माणूस यादी पुढे ठेवून तपासू लागला तर त्याला तांड्याचे नाव जास्तीचे वाटणार.

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादकडे सुमारे आठ हजार माणसे गेली. नंतर ५२ गावे उठवून नव्या जागी बसवली. आज वरून पाहिले तर एका नावाच्या दोन खुणा दिसतात. एकीकडे जुन्या गावठाणाचे अवशेष आणि झाडी, दुसरीकडे सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या. गावाचे नाव कोणत्या खुणेवर लिहायचे? बस कुठे थांबते, शाळा कुठे भरते, दवाखाना कुठे आहे, त्या जागेवर. पण जुन्या जागेचेही नाव पुसायचे नाही, कारण लोकांची शेते अजून तिकडेच आहेत. ही गोष्ट चित्र सांगत नाही, गाव सांगते.

दुरून झालेली दुरुस्ती

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नकाशात काही नसणे ही एक गोष्ट. गावच्या माणसाने बरोबर भरलेले दूरच्या माणसाने 'दुरुस्त' करणे ही वेगळी गोष्ट. ती जास्त धोक्याची, कारण दुरुस्त केलेले चुकीचे आहे असा संशय कोणाला येत नाही.

ते कसे होते, ते नीट ऐका. या नकाशातल्या चुका शोधणारे संगणकाचे कार्यक्रम आहेत. ते सगळ्या जगाचा नकाशा चाळतात आणि खुणा करतात. रस्त्याची रेघ पाण्याच्या रेघेला ओलांडते आणि तिथे पूलही लिहिलेला नाही, उतारही लिहिलेला नाही, की यंत्र म्हणते ही चूक. अशा हजारो खुणांची यादी होते. कोणी स्वयंसेवक, किंवा एखाद्या कंपनीचा पगारी माणूस, ती यादी घेऊन बसतो आणि एकेक खूण मिटवत जातो. आता समजा तुमच्या गावच्या पोराने पांदण काढली, ओढाही काढला, दोन्ही खरे. यादीवाल्याने पाहिले, ओलांडणी आहे, पूल नाही. चित्रात झाडाची सावली आडवी पडली आहे. त्याने पूल लिहिला आणि पुढच्या खुणेकडे गेला. यंत्र समाधानी, यादी एका ओळीने कमी. नकाशावर मात्र जिथे कधी पूल नव्हता तिथे पूल झाला.

उन्हाळ्यात या पुलाने काही बिघडत नाही. बिघडते ते पावसाळ्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारी मुखेड तालुक्यात काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. मुसळधार पाऊस, त्यात दशकानुदशके रखडलेल्या लेंडी प्रकल्पाचे पाणी. रावणगाव, हसनाळ, भासवाडी ही गावे पाण्याने वेढली. माणसे गेली, जनावरे गेली, सैन्य बोलवावे लागले. अशा रात्री बाहेरून मदतीला येणारा माणूस गावचा नसतो. त्याच्या हातात मोबाईल असतो. त्याला गावाकडे जाणाऱ्या दोन वाटा दिसल्या आणि त्यातल्या एकीवर खोटा पूल असला, तर तो कोणत्या वाटेने जाईल? दवाखान्याची गाडी कोणत्या वाटेने येईल? त्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याची नियत चांगली होती, याचा कोणाला उपयोग नाही.

मी शेतीशास्त्राचा पदवीधर. या रोगाशी माझी जुनी ओळख आहे. मातीच्या नकाशावर सगळा पट्टा एका रंगाने रंगवलेला असतो, मध्यम काळी जमीन. त्यावरून पट्ट्याला एकच शिफारस निघते. प्रत्यक्षात एकाच गटात वरच्या अंगाला बरड असते आणि नाल्याकाठी कमरेइतकी काळी. बरडावर ओल आठ दिवस टिकत नाही आणि खाली पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडते. रंग देणाऱ्याने खोटे लिहिले नाही. त्याने लांबून पाहिले. पण त्या रंगावर विसंबून जो पैसा घालतो, नुकसान त्याचे होते. चूक करणाऱ्याला चुकीची किंमत मोजावी लागत नसेल तर चूक सुधारत नाही. हा आपल्या चळवळीचा जुना अनुभव आहे, नकाशालाही तो लागू आहे.

आणि हे फक्त रस्त्यापुरते राहणार नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण स्वतः मोबाईलवरून गटात उभे राहून पिकाची नोंद करतो. २०२३ पासून पीकविम्यात उत्पादन ठरवताना उपग्रहाच्या चित्राला वजन देण्यास सुरुवात झाली. वरून पाहून खालचे ठरवण्याचे दिवस आले आहेत. त्यांना शिव्या देऊन ते जाणार नाहीत. खालून वर सांगण्याची सवय आपण आजच लावली पाहिजे, आणि त्यासाठी खुल्या नकाशासारखी स्वस्त शाळा दुसरी नाही.

गावचे ज्ञानही सोवळे नाही

दूरचा माणूस म्हणजे वाईट आणि गावचा म्हणजे खरा, असे म्हणून टाळ्या घेता येतील. मला त्या नकोत. गावचे ज्ञान खरे असते, पण ते सगळे गावाचे असतेच असे नाही.

पांदण कोणी नांगरली हे गावाला माहीत असते. ज्याने नांगरली तोही गावचाच असतो. नकाशा भरायचे काम त्याच्याच घरातल्या पोराकडे गेले तर ती पांदण नकाशावर येईल का? तांड्याचे नाव कोणी सांगायचे, तांड्यातल्या माणसाने की गावातल्या पुढाऱ्याने? गावाबाहेरच्या वस्त्यांना जातीची नावे चिकटलेली होती. ती बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण गावात विचारले तर जुनेच नाव तोंडात येते. 'स्थानिक लोक असेच म्हणतात' हे सांगून ते नकाशावर चढवायचे काय? त्या वस्तीतल्या माणसांना विचारा. नाव त्यांचे आहे.

मायबहिणींचे तर कोणी विचारतच नाही. मे महिन्यात कोणत्या विहिरीला पाणी असते, खुरपणीला जाताना कोणती पायवाट जवळची, पाऊस आला की कोणत्या ठिकाणी ओढा उतरता येत नाही, हे गड्यांपेक्षा बायांना जास्त माहीत असते, कारण चालणे त्यांच्या वाट्याला जास्त आहे. नकाशा चालणाऱ्याचा म्हणायचे आणि सर्वात जास्त चालणारीला बाहेर ठेवायचे, हे चालणार नाही.

आपण सीमेवर राहतो, हेही विसरू नका. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडले. देगलूर मुंबई राज्यात आले, जुक्कल, मदनूर, बिचकुंदा आंध्रात गेले, आज ते तेलंगणाच्या कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. हाणेगावच्या पलीकडे कर्नाटक. आपण आपल्या तोंडातले नाव पलीकडच्या गावावर लादू लागलो तर त्यांच्या दृष्टीने दूरचे दुरुस्तीवाले आपणच. खुल्या नकाशात एका गावाला मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, इंग्रजी अशा वेगवेगळ्या खान्यांत नावे लिहिता येतात. ज्याचे त्याला लिहू द्या.

दूरचा आणि जवळचा, दोघांची जोडी

दूरच्या माणसाला हाकलून द्यावे असे माझे म्हणणे नाही. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. राजधानीचा धड नकाशा नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, चित्रांवरून, थोड्या दिवसांत रस्ते काढून दिले आणि मदत करणाऱ्यांनी ते वापरले. १९९३ मध्ये किल्लारीला असे कोणी धावून येऊ शकत नव्हते, ती साधनेच नव्हती. ही शक्ती आहे, तिला नाही म्हणणे शहाणपणाचे नाही.

पण नेपाळचे उदाहरण त्याहून शिकण्यासारखे आहे. काठमांडूत काही स्थानिक तरुणांनी २०१३ मध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्स ही संस्था काढली आणि शाळा, दवाखाने, रस्ते फिरून नकाशावर भरायला घेतले. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला. पुन्हा जगभरचे हजारो स्वयंसेवक धावले. पण या वेळी त्यांना सांगणारे कोणी होते. कोणता भाग आधी काढायचा, कोणते नाव बरोबर, काय तपासायचे, हे काठमांडूतली माणसे सांगत होती. दूरच्यांचे हात आणि जवळच्यांचे डोळे. जिथे जवळचे लोक आधीपासून कामाला लागलेले असतात, तिथेच दूरचा मदतनीस होतो. जिथे जवळचा कोणीच नसतो, तिथे दूरचाच मालक होऊन बसतो, त्याची इच्छा असो वा नसो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. शेवटचा शब्द चालणाऱ्याचा, पण चालणाऱ्याने तो बोलला पाहिजे आणि दाखवला पाहिजे. गप्प बसणाऱ्याचा शब्द शेवटचा कसा होईल?

काय करायचे

आता कामाचे बोलतो.

एक. प्रत्येक गावातून दोन माणसे नेमा, त्यातली एक बाई. वर्षातून दोनदा पांदणी चाला, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसाळ्यात. मोबाईलवर चाललेल्या वाटेची नोंद होते, ती ठेवा. प्रत्येक ओलांडणीचा तारखेसह फोटो घ्या.

दोन. नुसती रेघ ओढू नका. पूल आहे, नळ्या आहेत की नुसता उतार आहे ते लिहा. पाणी बारमाही की पावसाळी ते लिहा. 'जुलै ते सप्टेंबर गाडी जात नाही' हे एक वाक्य दूरच्या दहा माणसांचा गैरसमज थांबवते. यंत्राला चूक वाटते ती लिहिलेले नसते म्हणून. जिथे उतार म्हणून लिहिला, तिथे यंत्रही गप्प बसते.

तीन. तांडा, वाडी, वस्ती, आखाडा यांची नावे तिथे राहणाऱ्यांनी सांगावीत. चारचौघांत वाचून दाखवा, मगच भरा.

चार. कोणी दुरून बदलले तर रागाने लगेच उलटवू नका. प्रत्येक बदलाखाली लिहायची जागा असते. तिथे त्या माणसाला साध्या शब्दांत लिहा की या ओढ्यावर पूल नाही, आम्ही अमुक तारखेला तिथे उभे होतो, हा फोटो. बहुतेक माणसे ऐकतात, कारण त्यांनाही नकाशा बरोबरच हवा असतो. उत्तर आले नाही तर कारण लिहून जुनी रेघ परत आणा. तरीही कोणी हट्टाने पुसत राहिला तर असे तंटे पाहणारा स्वयंसेवकांचा एक गट आहे, त्याच्याकडे जा. तिथे आवाज मोठा करून काम होत नाही, पुरावा लागतो. फोटो आणि तारीख तेव्हा कामी येते.

पाच. काही गोष्टी करायच्या नाहीत. कंपनीच्या नकाशावरून उतरवून घ्यायचे नाही, तो त्यांचा माल आहे. गटाच्या मालकाचे नाव, फोन नंबर घालायचा नाही. आणि खुला नकाशा हा हक्काचा पुरावा आहे असे समजायचे नाही. पांदण कोणी अडवली तर तहसीलदाराकडेच जावे लागेल. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ त्यासाठी आहे. धुऱ्यावरून नवा रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे. नकाशावर रेघ ओढून पांदण मोकळी होत नाही. पण जिची कुठेच नोंद नाही त्या पांदणीसाठी भांडणे किती कठीण जाते, ते तुम्ही जाणता.

याला फार पैसा लागत नाही. घरोघरी मोबाईल आहे, पोरांना तो चालवता येतो, आणि वाटा आपल्या पायाखालच्या आहेत. पहिल्या वर्षी मन्याड, लेंडी आणि मांजरा या नद्यांकाठची गावे घ्यावीत, कारण तिथे नकाशातली चूक जिवावर बेतते. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने किमान एक पांदण चालून, तिच्या ओलांडण्या लिहून आणाव्यात. भाषण त्या दिवशी कमी करू आणि त्या नोंदी वाचू.

आपण मालाचा भाव दुसऱ्याने ठरवू नये म्हणून लढतो. आपल्या ओढ्यावर पूल आहे की नाही, हे तरी दुसऱ्याला ठरवू देऊ नका.